रोबोच्या आधी बांध: इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमधून मानवकेंद्रित डिझाइन कसं शिकवावं

दर जुलैत प्रोजेक्टचे ग्रुप पडतात आणि पहिल्याच आठवड्यात पोरं विषय घेऊन केबिनमध्ये येतात. सोलर फवारणी रोबो, मोबाईलवर चालणारं ठिबक, कापूस वेचायचं मशीन. वस्तू आधीच ठरलेली असते. मग सहा-सात महिने ती बनते, व्हायवाच्या दिवशी टेबलावर चालते आणि उन्हाळ्यात डिपार्टमेंटच्या कपाटावर जाऊन बसते. ज्याच्यासाठी केली तो शेतकरी, ती मजूर बाई, मोंढ्यातला तो हमाल या सगळ्यात एकदाही भेटलेला नसतो. अहवालात 'सर्व्हे' नावाचं एक पान असतं, ते होस्टेलच्या खोलीत बसून भरलेलं असतं आणि हे गाइडलाही माहीत असतं.

मानवकेंद्रित डिझाइनची रीत सांगायला चार वाक्यं पुरतात. ज्याला वस्तू वापरायची त्याचं काम आधी डोळ्यांनी बघायचं. त्यातून अडचण ठरवायची. कच्ची वस्तू करून त्याच्याच हातात द्यायची. चूक दिसली की मागे फिरायचं. गडबड होते ती क्रमात. म्हणून हा लेख मराठवाड्यातल्या कॉलेजांत प्रोजेक्ट गाइड म्हणून काम करणाऱ्यांसाठी, टप्प्यांच्या क्रमानं लिहिला आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकाच ग्रुपचं घेतलंय: मेकॅनिकलची दोन मुलं, दोन मुली, जालना जिल्ह्यातलं एक गाव आणि कापसाची फवारणी. हा ग्रुप रोबो घेऊनच आला होता.

## तयारी: विषय देण्याआधी गाइडनं करायची कामं

हंगाम बघा, मग क्षेत्र द्या. जे काम बघायचंय ते सेमच्या तारखांत चालू असलं पाहिजे. कापसाची फवारणी जुलै अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत बघायला मिळते, म्हणजे पहिल्या सेमला. सोयाबीनची काढणी आणि मळणी सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीपासून पुढे. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दसऱ्यानंतर गाव सोडतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात, तेव्हा त्यांच्यासाठी काही करायचं तर कारखान्याच्या तळावर जावं लागेल, गावात घराला कुलूप असेल. दुसऱ्या सेमला फेब्रुवारी-मार्चात ज्वारीची काढणी आणि मार्चपासून टँकरचं पाणी. मोंढा, एसटी स्टँड आणि प्राथमिक आरोग्य केंद्र बारा महिने उघडं असतं, त्यामुळे हंगाम हुकलेल्या ग्रुपला तिकडे पाठवा.

जानेवारीत फवारणीचा प्रोजेक्ट घेतलात तर पोरं व्हिडिओ बघून अहवाल लिहिणार. दोष त्यांचा नसेल.

सिनॉप्सिसमध्ये वस्तूचं नाव येऊ देऊ नका. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टची थोडक्यात रूपरेषा, द्यावा लागतो, त्यावर 'सौर ऊर्जेवर चालणारा फवारणी रोबो' असं एकदा छापलं की पुढे शेतात काहीही दिसो, रोबोच करावा लागतो. फॉर्म बदलणं आपल्या हातात नसतं, शीर्षक मात्र असतं. ते माणूस आणि काम यांच्यावर ठेवा: 'अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या कापूस फवारणीतील कामाचा अभ्यास आणि त्यासाठी साधनाची रचना'. यात रोबोही बसतो, बादलीही बसते. एचओडींना आधीच भेटून हे सांगून ठेवा. मी सांगितलं तेव्हा एका ओळीत मान्य झालं.

गाव ठरवा. कॉलेज उन्नत भारत अभियानात (कॉलेजांना गावांशी जोडणारी केंद्र सरकारची योजना) असेल तर दत्तक गावं असतात, समन्वयकांकडून पत्र लगेच मिळतं. पण त्याच पाच गावांत दरवर्षी पोरं फॉर्म घेऊन जातात आणि लोक कंटाळलेले असतात. ग्रुपमधल्या एखाद्याच्या मामाचं, मावशीचं गाव असेल तर ते बरं. शेतात बसायला मिळतं, दुपारची भाकर मिळते आणि माणसं खरं बोलतात. फक्त त्या नातेवाइकालाच 'वापरणारा' धरू नका, तो भाच्याच्या कौतुकात सगळ्याला हो म्हणेल.

प्रवास. किमान चार फेऱ्या होणार हे पहिल्याच दिवशी सांगा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, तेव्हा खर्चाचा अंदाज काढताना ते धरा. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे डेपोत विचारून लिहून घ्या आणि घरी कळवायला लावा. आठवडी बाजाराच्या दिवशी गावात जाऊ नका, कोणी भेटत नाही.

> तपासणी: शेतात जाण्याआधी ग्रुपकडे चार गोष्टी हव्यात: काम चालू असल्याची फोनवरून खात्री, सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना दिलेलं पत्र, बिनरेघी वही, आणि परतीच्या गाडीची वेळ. लॅपटॉप आणि गूगल फॉर्म कॉलेजवरच राहू द्या.

## टप्पा १: आवारातच दोन तास बघायला बसवा

थेट गावात पाठवलेली पोरं बघत नाहीत, विचारत सुटतात. आधी बघायची सवय लागू द्या. कॉलेजच्या जवळच्या वस्तीत हातपंप असेल तर तिथे, नसेल तर मेसच्या हात धुण्याच्या बेसिनपाशी प्रत्येकानं दोन तास बसायचं. बोलायचं नाही. जे हात, पाय, पाठ करते तेवढंच लिहायचं. 'बाईंना त्रास होतो' असं वाक्य आलं तर खोडा. 'दांडा खाली आणताना टाचा उचलल्या, दर आठ-दहा झटक्यांनी थांबली' असं हवं.

हातपंप मी मुद्दाम सांगतो. पूर्वीचे बिडाच्या ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापराच्या हिशोबानं घडवलेले होते. गावानं दिवसभर हापसायला घेतल्यावर ते मोडू लागले. जालना आणि सोलापूर इथे त्यांच्यावर दुरुस्त्या झाल्या, आणि १९७० च्या दशकात इंडिया मार्क दोन हा पंप तयार झाला तो याच अडचणीतून. पोरांना पंपाचं डोकं उघडलेलं दाखवा, आतली साखळी दाखवा आणि विचारा: एका घरासाठी आणि अख्ख्या गावासाठी पंप करताना हिशोब कुठे बदलतो? तासाभरात 'वापरणारा कोण' हा प्रश्न डोक्यात जातो. लेक्चरनं तो जात नाही.

## टप्पा २: शेतात जा आणि काम बघा (तीन आठवडे, किमान दोन फेऱ्या)

या टप्प्याला घाई करू नका. पुढचं सगळं इथून निघतं.

पहिलं वाक्य ठरवून जा. वही घेतलेली पोरं दिसली की लोकांना वाटतं अनुदानाची यादी करायला आलेत. मग उत्तरंही तशीच येतात: जमीन कमी, नुकसान जास्त. म्हणून राम राम झाल्यावर पहिलं हेच बोलायचं: 'आम्ही सरकारकडून आलेलो नाही, कुठल्या यादीत नाव घालणार नाही, मशीनही देणार नाही. तुम्ही काम कसं करता ते शिकायला आलोय.' आमच्या ग्रुपनं हे पहिल्या फेरीत सांगितलं नव्हतं. परत येताना त्यांच्याकडे चार जणांची आधार कार्डाची झेरॉक्स होती.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसू नका. तिथे रिकामे पुरुष भेटतात. काम करणारी माणसं शेतात असतात, आणि त्यात निम्म्याहून जास्त वेळा बाया असतात.

'अडचण काय?' हा प्रश्न विचारू नका. उत्तर येईल: भाव नाही, पाऊस नाही, लाईट रात्रीची. तिन्ही खरं आहे आणि तिन्हींवर चार पोरांच्या प्रोजेक्टला काही करता येत नाही. त्याऐवजी झालेलं काम सांगायला लावा: 'मामा, कालची फवारणी सकाळी निघाल्यापासून सांगा. पहिलं काय केलं? मग? पाणी कुठून आणलं? कोणी आणलं? मध्येच कधी थांबलात?' जे झालं ते माणूस बरोबर सांगतो. 'असं मशीन आलं तर वापराल का?' याला सगळेच हो म्हणतात, समोर बसलेल्या लेकराचं मन कोण मोडणार?

मजुरी बुडवू नका. वेचणीसारखं काम किलोवर असतं. अर्धा तास बोलण्यात गेला तर तो त्या मावशीच्या पैशातून गेला. ओळीनं सोबत चाला, चार बोंडं वेचू लागा किंवा भाकरीच्या वेळेला बोला. फोटो विचारून घ्या. अहवालात चेहरे आणि नावं नकोत, 'शेतकरी १', 'मजूर ३' असं लिहा.

> इशारा: फवारणी बघताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं, अंगभर कपडे, डब्याला किंवा पंपाला हात लावायचा नाही, तिथे पाणीसुद्धा प्यायचं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं माणसं दगावली आहेत. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण कसा वाचायचा ते आधी शिकवा: लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात कमी हिरवा. लाल असेल तर त्या दिवशीची फेरी रद्द करा.

आता त्या ग्रुपला काय दिसलं ते सांगतो. पहिल्या फेरीत पोरांनी फवारणाऱ्याशी तासभर गप्पा मारल्या आणि रोबोचा आग्रह पक्का करून आली. मी विचारलं, एका एकराला पाणी किती लागतं? माहीत नव्हतं. पंपात कोण भरतं? माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा पाठवलं, या वेळी फक्त बघायला.

पाठीवरचा पंप १६ लिटरचा. एकरी दहा पंप धरले तर १६० लिटर पाणी. ते विहिरीवरून ड्रमपर्यंत आणत होती त्या माणसाची बायको. १५ लिटरचा हंडा धरला तर एकरामागे अकरा खेपा. औषध कालवत होती ती, पंप भरत होती ती, भरलेला पंप त्याच्या पाठीवर चढवू लागत होती तीच. पहिल्या फेरीत पोरं तिच्यापासून दहा पावलांवर बसली होती आणि तिला एकही प्रश्न विचारलेला नव्हता. दुसऱ्या वेळी एका मुलीनं तिच्यासोबत दोन खेपा केल्या. त्या बाईचं, तिनं वहीत उतरवलेलं वाक्य मला अजून आठवतं: 'पंप तेच मारायलेत, पण मी सकाळपासून पाणीच आणायलेय.'

दुसरी नोंद एका मुलाची. भरलेला पंप, पाणी आणि पंपाचं वजन मिळून वीस किलोच्या वर, बायको पाण्याला गेली की फवारणाऱ्याला एकट्यानं उचलावा लागायचा. तेव्हा तो पंप कडेवर घेऊन बांधापर्यंत जायचा, बांधावर ठेवायचा, बांधाला पाठ लावून खाली बसायचा, पट्टे खांद्यात घालायचा आणि गुडघ्यावर हात देऊन उठायचा. मुलानं याचं काडीचं चित्र काढलं आणि खाली तारीख टाकली. हे पान लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

नोंदी बोललेल्या शब्दांतच ठेवा. अहवाल इंग्रजीत लिहायचा म्हणून पोरं तिथेच भाषांतर करतात. 'उठताना कंबर धरते, मग पहिली चार पावलं वाकडीच पडतात' याचं 'बॅक पेन' झालं की कुठे, कधी, किती वेळ हे सगळं गेलं. वही मराठीत, भाषांतर शेवटच्या महिन्यात.

> तपासणी: पुढे जाण्याआधी वही मागवा. त्यात किमान पाच वेगवेगळ्या माणसांचं बघितलेलं काम, प्रत्येकाच्या तोंडची दोन-तीन वाक्यं आणि हातानं काढलेली चित्रं हवीत. 'या कामात अजून कोणाचा हात लागतो?' याचं उत्तर वहीत नसेल तर ग्रुप परत गावात.

## टप्पा ३: अडचण एका वाक्यात लिहा

वाक्याचा साचा ठरलेला ठेवा: कोणाला, काय करताना, नेमकं कुठे अडतं, आणि का. यात उपायाचा शब्द येता कामा नये.

पोरांचं पहिलं वाक्य होतं, 'शेतकऱ्यांना आधुनिक फवारणी यंत्राची गरज आहे.' हे उपायाचंच वाक्य, फक्त वेश बदललेलं. तिसऱ्या खेपेला जमलं: 'दोन एकर कापूस असलेल्या जोडप्याला भरलेला पंप पाठीवर चढवताना दर वेळी दुसऱ्या माणसाची गरज पडते, कारण ड्रमजवळ पंप टेकवायला उंचवटा नसतो. त्यामुळे पाणी आणणारीला खेप अर्धी सोडून यावं लागतं.'

वाक्य झालं की फळ्यावर लिहून वर्गाला विचारा: यातला प्रत्येक तुकडा वहीच्या कोणत्या पानावरून आला? पान सापडत नसेल तो तुकडा पुसा.

इथे पोरांचा जीव खट्टू होतो, त्याची तयारी ठेवा. रोबोवरून पंप चढवण्यावर आलो म्हणजे आपला प्रोजेक्ट लहान झाला असं त्यांना वाटतं, आणि घरीही सांगायला जड जातं. त्यांना खोटा धीर देऊ नका, पुढच्या टप्प्यांतलं गणित दाखवा. वजन, उंची, मातीची ताकद, जोड, किंमत. यात इंजिनिअरिंग भरपूर आहे.

## टप्पा ४: कल्पना (एक दुपार पुरे)

प्रत्येकानं वीस मिनिटं न बोलता कागदावर काढायचं, एका कागदावर एक कल्पना. मग सगळे भिंतीला चिकटवायचे. आधी बोलायला लावलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच कल्पना उरते, आणि आपल्याकडे मुली मागे पडतात.

निवडताना तीन प्रश्न: तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात होईल का? मोडलं तर घरच्या घरी किंवा त्याच दुकानात दुरुस्त होईल का? त्याचे पैसे कोण देणार? आमच्या भिंतीवर चोवीस कागद होते, तीन प्रश्नांनंतर दोन उरले: पंप ठेवायची घोडी, म्हणजे चार पायांचा स्टँड, आणि ड्रमला खालून तोटी.

## टप्पा ५: कच्चं मॉडेल, पाचशे रुपयांत

नियम कडक ठेवा. पहिलं मॉडेल दोन दिवसांत, पाचशेच्या आत, बांबू, पोतं, सुतळी, सायकलची जुनी ट्यूब, भंगारातला पाइप यांतून. तोवर कॅडचं ड्रॉइंग नाही, थ्रीडी प्रिंट नाही. कॅडमध्ये आठवडा घातला की पोरांचा त्या आकृतीवर जीव जडतो आणि मग गावात कोणी 'हे नको' म्हटलेलं ऐकू येत नाही.

मापं पुस्तकातून घेऊ नका. टेप घेऊन जा आणि ज्यांना वापरायचंय त्यांची घ्या: जमिनीपासून कंबर, कोपर, खांदा. बुटकी बाई आणि उंच माणूस दोघंही त्यात हवेत.

ग्रुपनं फवारणाऱ्याच्या कमरेचा हिशोब धरून ७५ सेंटिमीटर उंचीची घोडी केली. उभ्यानंच पट्टे घालायचे आणि निघायचं. कागदावर झकास.

> इशारा: चाचणीला औषधाचा जुना पंप कधीही आणू नका, धुतलेला असला तरी नाही. नवा पंप आणि साधं पाणी. हा नियम मोडणाऱ्या ग्रुपची चाचणी मी थांबवतो.

## टप्पा ६: वस्तू त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा

चाचणीत दोघं असतात: एक वस्तू देतो, एक लिहितो. देणाऱ्यानं एवढंच म्हणायचं, 'एक पंप भरून मारून बघा.' कसं वापरायचं ते सांगायचं नाही. माणूस चुकला तर हात पुढे करायचा नाही. पहिली दोन मिनिटं फार मोलाची असतात, हात कुठे जातो, कुठे थबकतो ते तेव्हाच दिसतं. 'आवडलं का?' विचारू नका. 'चांगलं केलंय लेकरांनी' हे उत्तर ठरलेलं आहे आणि त्याचा काही उपयोग नाही.

आमच्या घोडीचं दोन मिनिटांतच पितळ उघडं पडलं. आदल्या रात्री पाऊस झालेला, काळी माती मऊ. पंप ठेवला आणि एका अंगाचे दोन पाय घोट्याएवढे खाली गेले. घोडी कलली, पोरगं धावलं. पाय एक इंची पाइपाचे होते, एका पायाचं टोक साधारण ५ चौरस सेंटिमीटर, चार मिळून २०. पंप आणि घोडी मिळून २७ किलो धरा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १.३५ किलो. पायांखाली १० बाय १० सेंटिमीटरच्या पट्ट्या लावल्या की क्षेत्र ४०० होतं आणि दाब वीसपट उतरतो. हे गणित पोरांनी तिथेच, बांधावर बसून केलं. दुसऱ्या वर्षाला शिकवलेला दाबाचा धडा मला वाटतं त्या दिवशी त्यांना कळला.

खरी चूक मात्र दुसरी होती. ती बाई बादली घेऊन भरायला आली. घोडी ७५, वर पंपाची उंची पन्नासेक, म्हणजे पंपाचं तोंड सव्वा मीटरवर. तिनं बादली छातीच्या वर उचलली, हात थरथरले, पाणी पंपावर आणि तिच्या तोंडावर उडालं. पाणी होतं म्हणून बरं. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, 'तुमची घोडी त्यांच्या पाठीला बरी हाय, माझ्या तर तोंडावर येतंय की सगळं.'

लिहिणाऱ्या मुलीनं वाक्य जसंच्या तसं घेतलं. एकाची सोय दुसरीचा धोका झाली होती, आणि ते औषध असतं तर डोळ्यांत गेलं असतं.

परतीच्या गाडीत वाद झाला. उंची कमी केली तर त्याला उभ्यानं पट्टे घालता येणार नाहीत, मग घोडीचा उपयोग काय? तेव्हा त्या मुलानं जुनी वही उघडली, बांधाचं पान. माणूस आधीपासूनच बसून पट्टे घालत होता. बांधाची उंची त्यांनी पुढच्या फेरीत मोजली: ४५ सेंटिमीटर. त्या उंचीवर पंपाचं तोंड ९५ वर येतं, म्हणजे तिच्या कमरेच्या जरा वर. बादली छातीपर्यंत उचलायची गरजच नाही. नवी घोडी बांधाएवढी केली, पायांना पट्ट्या आणि मागे पाठ टेकायला आडवी पट्टी. त्यावर तो एकटा पंप चढवू शकला आणि तिची खेप मोडली नाही.

पाच माणसांवर चाचणी घ्या. मोठ्या चुका तेवढ्यात बहुतेक दिसतात. पन्नास जणांचा फॉर्म भरून आणण्यापेक्षा पाच जणांचे हात नीट बघितलेले कधीही चांगले.

> तपासणी: मॉडेल एक आणि मॉडेल दोन यांत काय बदललं आणि ते कोणाच्या कोणत्या कृतीमुळे, हे तीन ओळींत सांगता आलं पाहिजे. काहीच बदललं नसेल तर चाचणी झालेली नाही, प्रदर्शन झालंय.

## टप्पा ७: आठ दिवस ठेवून या

बहुतेक ग्रुप इथे पोचत नाहीत, कारण कॅलेंडरमध्ये याला जागाच ठेवलेली नसते. सबमिशनच्या आधी तीन आठवडे मोकळे ठेवा. वस्तू त्यांच्याकडे सोडा, 'नको वाटली तर बाजूला ठेवा, आम्हाला राग नाही' असं स्पष्ट सांगा आणि आठ-दहा दिवसांनी न कळवता जा. ती कुठे पडली आहे ते आधी बघा. शेतात, चिखल लागलेली असेल तर वापरली. गोठ्यात, वर कोंबड्या बसलेल्या असतील तर का वापरली नाही ते विचारा, शांतपणे.

आमची घोडी ड्रमजवळ होती, एका पायाला तारेनं दगड बांधलेला. उतारावर एक बाजू हलकी पडायची म्हणून त्यांनीच बांधला होता. अशी दुरुस्ती दिसली की तिचा फोटो घ्या, माप घ्या आणि पुढच्या मॉडेलमध्ये ती घाला. वापरणाऱ्यानं केलेली ही डिझाइनची सूचना आहे, अहवालात तिला स्वतंत्र पान द्या.

## गुण आणि व्हायवा

गुण फक्त शेवटच्या मॉडेलला दिले तर पोरं पुढच्या वर्षीही बाजारातून तयार किट आणतील. अंतर्गत गुणांपुरतं मी असं वाटतो: वही २०, अडचणीचं वाक्य आणि त्यामागचे पुरावे १५, कच्ची मॉडेलं आणि त्यांतले बदल २५, चाचण्या २५, अहवाल १५. वही दर पंधरा दिवसांनी तारखेसह सही करून परत द्यायची, शेवटच्या रात्री भरलेली वही लगेच ओळखू येते.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, विचारणार, 'यात टेक्नॉलॉजी कुठे आहे?' त्याची तयारी आधीच करून घ्या. पहिल्याच स्लाइडवर दाबाचं गणित, उंचीचा वाद आणि दोन मॉडेलांचे फोटो शेजारी ठेवा. रीतीला आधार हवा असेल तर आयएसओ ९२४१-२१० हे मानवकेंद्रित डिझाइनचं आंतरराष्ट्रीय मानक सांगा. त्याची सुधारित आवृत्ती २०१९ ची आहे. ते संगणकीय प्रणालींसाठी लिहिलेलं असलं तरी त्यातली कामं हीच आहेत: वापराची परिस्थिती समजून घेणं, गरजा ठरवणं, रचना करणं, वापरणाऱ्यांकडून तपासणं. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रश्न मीच विचारतो: 'शेतात बघितल्यावर तुझा कोणता समज बदलला?' ज्याला उत्तर देता येत नाही तो गावाला गेला नव्हता.

व्हायवा झाल्यावर एक फेरी राहते, ती सुट्टी लागण्याआधी करून घ्या. वस्तू त्यांना हवी असेल तर तिथेच राहू द्या, डिपार्टमेंटला फोटो आणि ड्रॉइंग पुरतं. काय केलं, काय चुकलं हे ज्यांनी वेळ दिला त्यांना मराठीत, समोर बसून सांगायचं. आणि वही पुढच्या बॅचला द्यायची. त्या गावात तोटीचा ड्रम अजून कोणी केलेला नाही, त्याच्या नोंदी वहीच्या शेवटच्या सहा पानांवर आहेत.